विमानातली वरमाय

बायडाबाईला आयुष्यात फार कशाची हाव नव्हती. विट्यापासून दोन कोसांवर तिचं गाव. चार एकर जमीन, त्यात दीड एकर ऊस, दारात एक दुभती म्हैस, आणि पलटणीतनं पेन्शन घेऊन आलेला नवरा नाथाजी. हा नवरा दिवसभर कट्ट्यावर बसून जाणाऱ्या-येणाऱ्याला लढाईच्या गोष्टी सांगे आणि बायकोच्या कुठल्याच कामात लुडबूड करत नसे. एवढ्यावर ती सुखी होती. हाव होती ती एकाच गोष्टीची. धनाजी जन्मला आणि सुईणीनं 'पोरगा' म्हणून सांगितलं, त्या घटकेला ती हाव तिच्या मनात शिरली आणि अठ्ठावीस वर्षं झाली तरी निघाली नव्हती. बायडाबाईला एकदा वरमाय व्हायचं होतं.

आता वरमाय होणं म्हणजे नुसतं पोराचं लग्न होणं नव्हे. ते कुणाचंही होतं. वरमायेचा मान व्हावा लागतो. गाडीतनं उतरल्यावर तिच्या पायाखाली पायघड्या पडाव्या लागतात, मुलीकडच्या बायकांना ऊन पाण्यानं तिचे पाय धुवावे लागतात, पंगतीत पहिलं पान तिचं. आणि एवढं सगळं होऊनही तिला एकदा तरी रुसावं लागतं. रुसली नाही तर माघारी बायकाच म्हणतात, हिला मेलीला मान घ्यायचं वळणच नाही.

हे बायडाबाईला कुणी शिकवायची गरज नव्हती. सहा वर्षांपूर्वी तिनं लेकीचं, राहीचं, लग्न करून दिलं होतं. राहीची सासू पाटणकडची. ती चहात साखर कमी पडली म्हणून जी रुसली ती खोलीला आतनं कडी लावून बसली. दोन तास बायडाबाई दाराबाहेर उभी राहून विनवण्या करत होती, आणि मांडवातली माणसं उपाशी खोळंबली होती. नाथाजी तेव्हा म्हणाला होता, "कर्नल साहेबाला समजावणं सोपं, पर ही बाई न्हाई." बायडाबाईनं त्या दिवशी दाताखाली ओठ दाबला आणि मनाशी म्हटलं, असू दे, माझा धना हाय अजून.

आणि धनानं काय केलं, तर सांगलीला इंजिनिअर झाला, पंपाच्या कारखान्यात लागला, कारखान्यानं दोन वर्षांसाठी जपानला पाठवला, आणि तिथनं पत्र आलं: 'आये, मी इथल्या मुलीशी लग्न केलं आहे. तिचं नाव नोबुको. कचेरीत जाऊन सह्या केल्या. मांडव, जेवण काही केलं नाही.'

पत्र वाचून दाखवायला बायडाबाईच्या बहिणीचा मुलगा केरबा होता, मुंबईहून सुट्टीला आलेला. तो 'काही केलं नाही' इथपर्यंत आला आणि थांबला, कारण मावशी उठून म्हशीला पाणी दाखवायला गेली होती. म्हशीनं नुकतंच पाणी पिलं होतं. तरी बायडाबाई अर्धा तास बादली धरून तिथंच उभी राहिली. मुलगी जपानची की कुठली, ह्याचं तिला एवढं काही वाटलं नाही. गावातली पोरं पलटणीत जातात, सोनं गाळायला कलकत्त्यापासून मदुरेपर्यंत जातात, कुणी काय काय घेऊन येतं. पण सह्या केल्या म्हणजे काय? सह्या सोसायटीचं खत उचलताना करतात. लग्नात करतात होय?

आठ महिने ती पोराच्या पत्राला उत्तर देईना. आणि मग पंच्याहत्तर सालच्या पौषात केरबा मुंबईहून एक जाड पाकीट घेऊन आला.

"मावशे, इमानाचं तिकीट हाय. तुज्या नावाचं. आन फस्ट क्लासचं!" केरबानं पाकीट दोन्ही हातांनी पुढं धरलं. "साधंसुधं न्हवं गं. मंत्र्यासंत्र्यांचं तिकीट हाय ह्ये."

"कुणी धाडलं? धनानं?"

"न्हाई. धना लिवतोय, सासऱ्यांनी धाडलंय म्हून. तुला वाटंत कायबी तरास हू नये, असं त्ये म्हणालं म्हणं. काकांचं बी इच्यारलं हुतं, पर..."

"म्या कळवलंय, येनार न्हाई म्हून," नाथाजी कट्ट्यावरनं म्हणाला. "लढाईत बोटीनं फिरलो तेवढं बास झालं. ऊस तोडायला आलाय, म्हस गाभण हाय. तिला जाऊ द्या."

बायडाबाईनं पाकीट हातात घेतलं, उलटंपालटं केलं, आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा तिच्या तोंडावर हसू आलं. व्याह्यानं गाडी पाठवली! मुलीचा बाप वरमायेला आणायला गाडी पाठवतो, हा रिवाजच आहे. हा व्याही जपानचा असला तरी वळणाचा दिसतोय. म्हणजे मान बुडालेला नाही, नुसता लांबणीवर पडलाय.

शेजारची हरणाबाई लगेच आली. हिचे दोन्ही मुलगे कलकत्त्याला सोनं गाळायच्या दुकानात, त्यामुळं परमुलखाबद्दल सल्ला द्यायचा गावात पहिला हक्क तिचा. "बायडे, सैल सोडू नगंस," ती म्हणाली. "इमानात पाय टाकल्यापास्नं त्येंची माणसं आसत्याल. नीट बघ, मान करत्यात का न्हाई. आन एकदा रूस. रुसल्याबिगर वरमाय कसली?"

"रुसनार तर हायच," बायडाबाई म्हणाली. "आन आयका समदी. मान झाला तर ती माजी सून. न्हाई झाला तर तितनंच माघारी फिरनार. कुनाची आडकाठी न्हाई आयकायची."

"माघारी यायचं तिकीट हाय का त्यात?" नाथाजीनं विचारलं.

"हाय, हाय," केरबा म्हणाला.

"मग हरकत न्हाई. फकस्त एक कर. रुसायचं झालं तर जेवान झाल्यावर रूस. उपाशीपोटी रुसू नगंस."

कागदपत्रांचं सगळं केरबानं मुंबईत निस्तरलं. माघात एके दिवशी विट्याहून एस.टी., कराडहून गाडी असं करत बायडाबाई मुंबईच्या विमानतळावर पोचली. अंगावर हिरवं इरकली लुगडं, नाकात नथ, आणि काखेत गाठोडं, त्यात सुनेची ओटी. ओटी आणली होती, पण भरायची की नाही हे अजून ठरायचं होतं.

विमानाला दोन जिने लावले होते. मागच्या जिन्याला ही रांग. पुढच्या जिन्यापाशी चारसहाच माणसं, आणि जिन्याच्या पायथ्यापासून थेट अलीकडं तांबडी लांबलचक पट्टी जमिनीवर अंथरलेली. बायडाबाई जागीच थबकली. पायघड्या! तिनं मागं वळून बघितलं. मागच्या रांगेतल्या एकाच्याही पायाखाली काही नव्हतं. मग तिनं पदर सारखा केला, मान ताठ केली, आणि तांबड्या पट्टीच्या बरोबर मधोमध, एकेक पाऊल मोजून टाकत चालली. घाई करायची नाही. वरमाय घाई करत नसते.

वर दारात एक पोरगी हात जोडून उभी होती. रेशमी साडी, कपाळाला टिकली. "या आजी," ती म्हणाली, "मी चंद्रा. तुम्हाला काही लागलं तर मला सांगायचं बरं का."

बायडाबाईला वाटलं, वाहवा रे व्याह्या! माझी भाषा बोलणारी करवली शोधून ठेवलीस. "कुटली गं तू?"

"मी गिरगावची. पण आई सांगलीची."

"आसं व्हय. मंजी लांबनं न्हाईस," बायडाबाई म्हणाली, आणि खुर्चीत बसली. खुर्ची म्हणावी तर पलंग होता. पाय खाली सोडून बसायची तिला सवय नव्हती, म्हणून मांडी घातली, तरी दोन्ही बाजूंना जागा उरली. चंद्रानं चिमट्यात धरून वाफाळतं ओलं फडकं आणलं.

बायडाबाईला सगळं कळलं. तिनं मांडी सोडली आणि पाय पुढं केले.

चंद्रा क्षणभर गोंधळली. पण पोरगी समजूतदार. म्हातारीला वाकता येत नसेल असं समजून ती खाली गुडघ्यावर बसली, पायातल्या वहाणा काढल्या, पावलं पुसली, आणि विमानातल्या मऊ सपाता आपल्या हातानं तिच्या पायात चढवल्या. बायडाबाईनं डोळे मिटून घेतले. राहीच्या लग्नात तिनं विहिणीचे पाय धुतले होते, तेव्हा पाणी गारच आहे म्हणून विहिणीनं ते दोनदा बदलायला लावलं होतं. हे फडकं मात्र अगदी हवं तेवढंच ऊन होतं. तिनं चंद्राच्या डोक्यावर हात ठेवला. "सुकी ऱ्हा बाई," ती म्हणाली, आणि मनापासून म्हणाली.

विमान उडालं तेव्हा ती ओरडणारच होती. पण व्याह्याच्या माणसांपुढं भ्यालेलं दिसायचं नाही म्हणून तिनं नुसता खुर्चीचा दांडा घट्ट धरला. मग वर सगळं थाऱ्यावर आलं, आणि चंद्रानं दाखवलं की ह्या विमानाला माडीसुद्धा आहे, त्या गोल जिन्यानं वर जाऊन बसता येतं. बायडाबाई जिना चढून बघून आली. माडीवर गाद्यागिरद्या, काचेचे पेले, आणि दोन-तीन पुरुषमाणसं पीत बसलेली. तिनं पदर तोंडाला लावला आणि खाली आली. लग्नघरी असली चारदोन टाळकी असायचीच. त्यासाठी व्याह्याला दोष देण्यात अर्थ नव्हता.

आणि मग जेवण आलं. समोर पांढरंशुभ्र फडकं अंथरलं, त्यावर चांदीसारखे चमचे ओळीनं मांडले, आणि मधे एक छोटी वाटी. वाटीत काळंकुळकुळीत काहीतरी. बायडाबाईचा जीव हरखला. कारळ्याची चटणी! तिनं बोटानं उचलून जिभेवर ठेवली. कारळं नव्हतं ते. मिठाचं पाणी आणि माशाचा वास. चंद्रानं सांगितलं, माशाची अंडी आहेत, फार महाग असतात. बायडाबाईनं वाटी दोन बोटांनी लांब सरकवली.

इथं तिला लक्षात आलं, रुसायची वेळ हीच. निमित्त आयतं चालून आलं होतं.

नवऱ्याचा सल्ला आठवला. पोटात कावळे ओरडत होते, सकाळपासून केरबाच्या खोलीतल्या चहाखेरीज काही पोटात नव्हतं. पण जेवल्यावर रुसणारी वरमाय तिनं आजवर बघितली नव्हती. असलं ज्ञान पलटणीतच मिळत असावं. तिनं ताट मागं सारलं, पदर डोक्यावरनं पुढं ओढला, आणि खिडकीकडं तोंड फिरवलं.

"आजी, काय झालं?"

"कायबी न्हाई."

"मग जेवा ना. ते नको असेल तर दुसरं आणते. डाळभात आहे, भाजी आहे."

"मला न्हाई जेवायचं."

"बरं वाटत नाही का?"

"बरं हाय. पर जेवायचं न्हाई."

चंद्रानं डाळभात आणला. बायडाबाई वळली नाही. मग फळं आली. मग गोडाची गाडीच आली, तिच्यावर पाच प्रकार. डाळीला लसणाची फोडणी होती आणि तो वास थेट नाकात शिरत होता, तरी बायडाबाईनं मान हलवली. शेवटी काळा कोट घातलेला एक मोठा माणूस आला, ह्या सगळ्या पोरींवरचा मुकादम असावा. तो समोर उभा राहिला आणि त्यानं हात जोडले. "माताजी, हम से कोई भूल हुई?"

बस्स. हेच हवं होतं. भर मांडवात, चार माणसांदेखत, मोठ्या माणसानं हात जोडले होते. बायडाबाईच्या छातीत काहीतरी सहा वर्षं आवळून बसलेलं सैल झालं. तरी लगेच ऐकायचं नसतं, म्हणून ती आणखी थोडी थांबली. तेवढ्यात चंद्रा एक रेशमी पिशवी घेऊन आली. आत अत्तराची बाटली, नक्षीचा पंखा आणि छोटासा आरसा. "हे तुमच्यासाठी, आजी. आता तरी जेवा."

रुसवा काढायला भेटवस्तू दिली! ह्यापुढं ताणलं तर ते वाईट दिसलं असतं. बायडाबाई वळली, डाळभात कालवला आणि हातानं पोटभर जेवली. तीनदा भात घेतला. दहीसुद्धा मागून घेतलं. "सैपाक चांगला झालाय म्हनून सांग तुज्या मानसांस्नी," ती चंद्राला म्हणाली. मग चंद्रानं खुर्ची मागं पाडून दिली, अंगावर पांघरूण घातलं, आणि बायडाबाई जी झोपली ती पार सकाळपर्यंत. झोपताना तिनं मनात ठरवून टाकलं होतं: सून आपली. ओटी भरायची.

सकाळी खिडकीतनं ऊन आलं. पुन्हा चहा, पुन्हा ऊन फडकी. मधल्या वाटेपलीकडच्या खुर्चीत एक टकलू, पोट सुटलेले गृहस्थ होते, तेही जागे झाले. बायडाबाई सहज बघत होती. चंद्रानं त्यांनाही वाफाळतं फडकं दिलं. त्यांच्या पायातही तसल्याच सपाता होत्या. आणि मांडीवर तशीच रेशमी पिशवी.

"चंद्रा," बायडाबाईनं हळूच विचारलं, "ह्ये बी आमच्याकडचंच पावणं व्हय? म्या वळखलं न्हाई."

"कुणाकडचे?"

"नवऱ्याकडचं."

चंद्राला समजेना. मग बायडाबाईनं सगळं सांगितलं: पायघड्या, पाय पुसणं, हात जोडणं, रुसवा. ऐकता ऐकता चंद्राच्या तोंडावर आधी हसू आलं आणि मग ते गेलं. ती खुर्चीच्या हातावर टेकली.

"आजी, ह्या तिकिटाला असंच असतं हो. जो कुणी पुढच्या वर्गानं येतो, त्याला. ते गृहस्थ साबणाचे व्यापारी आहेत. मागच्या महिन्यातही आले होते."

बायडाबाईनं त्या गृहस्थांकडं पुन्हा एकदा बघितलं. साबणाचा व्यापारी आपल्या पायघड्यांवरनं चालत आला होता, आणि मागच्या महिन्यातही आला होता.

पहिल्यांदा तिला राग आला, मग लाज वाटली, आणि मग, स्वभावच तसा असल्यामुळं, हसू फुटलं. "आगं बया! मंजी म्या फुकटच रुसले म्हन की. त्या काळ्या कोटवाल्याला उगं हात जोडाया लावलं."

"पण आजी, तिकीट तर व्याह्यांनीच काढलंय ना?"

"आगं, तिकीट मंजी गाडीभाडं. गाडीभाडं दिल्यानं मान व्हतो व्हय?" हसू आटोपलं होतं. तिनं गाठोडं मांडीवर घेतलं आणि त्याची गाठ आणखी घट्ट केली. "न्हाई बाई. मान अजून व्हायाचाच हाय. बगू उतरल्यावर."

टोकियोला विमान दुपारी उतरलं. चंद्रानं तिला हाताला धरून कागद तपासणाऱ्या माणसांपुढनं नेलं, आणि काचेच्या मोठ्या दारापाशी सोडलं. दाराच्या अलीकडं लोकांची गर्दी. त्यात धना दिसला. वाळलेला वाटला, पण आईला सगळीच पोरं वाळलेली वाटतात. त्याच्या शेजारी एक गोरटेली, बुटकीशी पोरगी. मागं तिचे आईबाप. बाप लहानखुरा, अंगावरचा कोट त्याच्या मापाचा नव्हता, आणि बोटांच्या पेरांत काळं तेल मुरलेलं. असली बोटं बायडाबाईनं विट्याला सायकलच्या दुकानात बघितली होती. आई तशीच बारीक, राखी रंगाच्या पायघोळ पोशाखात.

तिघंही एकदम कमरेत वाकली. वाकली आणि वाकलेलीच राहिली. धनानं पुढं येऊन आईच्या पायावर डोकं ठेवलं.

बायडाबाईनं आजूबाजूला बघितलं. वाजंत्री नाही, पाण्याचा तांब्या नाही, हार नाही, जमिनीवर एक फडकंसुद्धा नाही. बाहेर जायचं दार चार पावलांवर उघडमीट करत होतं. ती जागची हलली नाही.

"चल आये," धना म्हणाला.

"थांब. माजा मान ऱ्हायलाय, धना. पोराच्या लग्नाला मला कुनी इच्यारलं न्हाई. आता इचारल्याबिगर म्या ह्या दारातनं भाईर पाय टाकनार न्हाई. माघारचं तिकीट हाय माज्याजवळ."

धनाच्या कपाळाची शीर उडाली. त्यानं एकदा सासऱ्याकडं बघितलं. सासरे अजून वाकलेलेच होते. मग तो आईच्या जवळ आला आणि हलक्या आवाजात बोलू लागला.

"आये, ह्यांनी सांगू नगंस म्हटलं हुतं. मान सांगून करायचा नसतो, म्हणाले. पर आता सांगतो. ही येकुलती येक लेक. तिच्या लग्नासाठी म्हणून ती धा वर्षांची हुती तवापास्नं सासरे पैसं बाजूला टाकत आले. सायकली दुरुस्त करत्यात ते. सह्यांनंतर मोठं लग्न करायचं ठरलं हुतं. नोबुकोच म्हणाली, नवऱ्याची आई न्हाई तर मांडव न्हाई. मग सासऱ्यांनी मला इच्यारलं, तुमच्याकडं मुलाच्या आईचा मान कसा करत्यात? म्या म्हणालो, पायघड्या घालत्यात, पाय धुत्यात, पहिलं पान वाढत्यात, रुसली तर हात जोडत्यात." धनानं आवाज आणखी खाली आणला. "दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून ते इमानाच्या कचेरीत गेले. तिथं इच्यारलं, कुठल्या तिकिटाला पायाखाली पट्टी अंथरत्यात? कुठल्या तिकिटाला पायात सपाता घालत्यात? लग्नाचं समदं त्या तिकिटात घातलं, आये. समदं. आमचं लग्न तूच करून आलीस वाटंनं."

बायडाबाई ऐकत राहिली. विमानातलं एकेक तिला आठवलं. ती तांबडी पट्टी, ते ऊन फडकं, तो डाळभात. साबणाच्या व्यापाऱ्याला काय मिळालं असेल ते असो. तिचं तिच्यासाठीच होतं. आणि करणारा, हा मापात नसलेल्या कोटातला माणूस, तेव्हा दोन हजार कोस लांब सायकलीची चाकं सरळ करत बसला होता.

तेवढ्यात विहीण पुढं आली. हात मांडीवर ठेवून ती आणखी एकदा खाली वाकली, आणि खाली बघतच काहीतरी बोलली. पाठ केलेलं असावं.

"काय म्हनत्यात?"

"म्हणत्यात," धना म्हणाला, "माजी लेक अडाणी हाय. तिला काय येत न्हाई. कायबी चुकलं-माकलं तर पदरात घ्या."

बायडाबाई चमकली. हे शब्द तिचे होते. राहीची पाठवणी करताना, गाडीचा दांडा धरून, तिनं हेच म्हटलं होतं, असंच खाली बघून. आणि पाटणच्या विहिणीनं नथ सारखी करत उत्तर दिलं होतं, "बगू." एवढंच. त्या 'बगू'नं सहा वर्षं बायडाबाईला धड झोप लागू दिली नव्हती. गावात कुणाला ठाऊक नव्हतं, नाथाजीलाही नाही. इतके दिवस तिला वाटत आलं होतं की आपल्याला मान हवाय. मान नव्हताच हवा. त्या दिवशी गाडीपाशी जे ऐकायला मिळालं नाही, ते हवं होतं. आणि आता ते ऐकायची वेळ तिची नव्हती. बोलायची होती.

तिनं गाठोडं धनाच्या हातात दिलं, पुढं झाली, आणि विहिणीचे दोन्ही खांदे धरून तिला सरळ उभी केली. वरमायेनं विहिणीला उठवायचं नसतं. न का असेना.

"धना, सांग ईनबाईस्नी. म्हनावं, लेकीचा घोर आता माज्याकडं द्या. आज रातच्याला तुमी सुकानं झोपा."

धनानं सांगितलं. त्याला बराच वेळ लागला, आणि मधे दोनदा थांबावं लागलं. विहीण ऐकत होती तोवर हसतमुख होती. ऐकून झालं तसा तिनं तोंडावर हात धरला आणि तिचे खांदे हलू लागले. व्याह्यानं टोपी काढली आणि भिंतीकडं तोंड केलं.

"आगं बाई, गप," बायडाबाई म्हणाली, आणि पदरानं तिचे डोळे पुसू लागली. तिचे स्वतःचेही वाहत होते, पण ते पुसायला पदर मोकळा नव्हता. मग सुनेला म्हणाली, "तू काय बगतीस गं नुसती? धर तुज्या आईला त्या अंगानं."

नोबुकोला शब्द कळले नाहीत, पण तिनं धरलं. दोघींनी मिळून विहिणीला मधे घेतली आणि बायडाबाई त्या काचेच्या दारातनं बाहेर पडली.